रंकाळा तलाव (पाणपक्ष्यांचा अधिवास)

रंकाळा हा कोल्हापूर शहरातला गोड्या पाण्याचा तलाव. मूळची इथं दगडाची खाण होती आणि आठव्या-नवव्या शतकात भूकंप होऊन ती पाण्यानं भरली असं सांगतात, नाव रंकभैरवाच्या देवळावरनं पडलं. संध्यामठ, १९३१ ते १९३४ च्या दरम्यान बांधलेला शालिनी पॅलेस, चौपाटीवरची भेळ हे सगळ्यांना माहिताय, पण पक्षी बघायचे असतील तर सकाळी लवकर आणि जिथं काठाला गवत, लव्हाळे न् चिखल शिल्लक आहे तिकडं जायला पाहिजे.

कारण पाणपक्षी नुसत्या पाण्यावर राहत नाहीत, काठावर राहतात. टिबुकली पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं करते आणि उठून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढून ठेवते, वरनं बघितलं तर कचऱ्याचा ढीगच वाटतो. कमळपक्ष्याची बोटं एवढी लांब की पानांवरनं चालत जातो, बुडत नाही, आणि अंडी नर उबवतो. जांभळी पाणकोंबडी देठ उपटून एका पायात हातात धरल्यासारखा धरून खाते, शांत उभं राहिलात तर अगदी जवळनं दिसतं. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी म्हणजे वारकरी, नाव किती चपखल आहे बघा! हिवाळ्यात त्यांचे थवे वाढतात, त्याच दिवसांत बाहेरनं आलेले धोबी आणि तुतवार चिखलात किडे टिपत फिरतात. पाणकावळे, ढोकरी, खंड्या, हळदी-कुंकू बदकंही दिसतात.

सगळ्यात मोठा त्रास सांडपाण्याचा. नाल्यातनं नायट्रोजन, फॉस्फरस येतं, त्यावर जलपर्णी (मूळची दक्षिण अमेरिकेतली) भसाभस वाढते, खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात आणि माशांवर जगणारे पाणकावळे, खंड्या दुसरं पाणी शोधतात. थोडी जलपर्णी पाणकोंबडीला चालते, पण सगळा तलावच झाकला तर बुडी मारायला जागा कुठं राहते? म्हणून ती काढावीच लागते. मात्र सुशोभीकरण म्हणून काठाला सगळीकडं दगडी भिंत घातली की घरटी करायची जागाच संपते, याकडं फार कमी लक्ष जातं. गणपती विसर्जन शेजारच्या इराणी खणीत व्हायला लागल्यापासनं रंकाळ्यावरचा भार तेवढा कमी झालाय.