शहामृगाचं कवच, जळके दाणे आणि खान्देशाची जुनी हवा

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे लोकांना माहीत आहे ते पाटणादेवीमुळे. थोडं वाचन असलेल्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेखही आठवतो. याच शिवारात १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी खणायला घेतलं, तेव्हा मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे, म्हणजे दगडी हत्यारांच्या काळातल्या वेगवेगळ्या टप्प्यांचे, थर एकाखाली एक लागले. त्यांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे होते, त्याच कवचाचे मणी होते आणि एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली होती. कवचाचं वय निघालं सुमारे २५,००० वर्षं.

गाजावाजा झाला तो नक्षीचा. तेही साहजिकच, कारण भारतात इतर ठिकाणी मिळालेल्या बऱ्याच कवचांवरच्या रेघा माणसाने कोरलेल्या नसून झाडांच्या बारीक मुळांनी उमटवलेल्या आहेत, असं पुढे काही अभ्यासकांनी दाखवलं. पाटण्याचा तुकडा मात्र त्या छाननीतही टिकला. पण मला त्या नक्षीपेक्षा पक्ष्याचं अप्रूप जास्त. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला लागतं मोकळं, विरळ झाडीचं, कोरडं माळरान. हिमयुगाचा तो शेवटचा टप्पा होता. पृथ्वी थंड होती, मोसमी पाऊस आजच्यापेक्षा कमजोर होता, आणि सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी सापडलेलं कवच या चित्राशी जुळतं.

पण हे कवच माणसांच्या वस्तीत सापडलंय. दोन मिलिमीटर जाडीचं, टणक, मणी करायला उत्तम असं ते लांबून आणलेलंही असू शकतं. म्हणजे पक्षी नेमका पाटण्याच्या माळावरच चरत होता, असं ठासून म्हणता येत नाही. आणलं असलं तरी आणता येईल इतक्या अंतरावर कुठेतरी तो पक्षी होता, एवढं नक्की. त्यात पुन्हा, हे शहामृगच कशावरून? २०१७ मध्ये भारतातल्या अशाच जुन्या कवचांतून डीएनए काढण्याचा प्रयत्न प्रसिद्ध झाला. पाच तुकड्यांपैकी एकातूनच वाचता येईल असा धागा हाती आला, तोही फक्त ४३ अक्षरांचा, आणि तो आफ्रिकी शहामृगाशी ९२ टक्के जुळला. पुरावा तुटपुंजा खरा, पण गोष्ट त्याच घराण्याकडे बोट दाखवते.

यानंतर काळ एकदम पुढे सरकतो. गिरणेकाठचं बहाळ १९५२ मध्ये खणलं गेलं, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये, आणि साक्री तालुक्यातलं कवठे डेक्कन कॉलेजने नंतर. ही सारी ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची गावं. सुरुवातीच्या उत्खननांत भर होता खापरांवर. कुठल्या नक्षीचं खापर कुठल्या थरात, यावरच वाद. धान्याचे दाणे वेचले जात, पण डोळ्यांना दिसतील तेवढेच. माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे बारीक चाळणीत धरायची रीत आपल्याकडे पुढे रुजली. चुलीत जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, म्हणून तो साडेतीन-चार हजार वर्षांनीही ओळखता येतो. सोबत हाडं असतात: गाय-बैल, शेळी-मेंढी, आणि शिकारीचं हरीण. काळवीट मिळालं तर आसपास माळ होता, चितळ मिळालं तर झाडी आणि पाणी, असा सरळ हिशोब. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या अशा पुराव्यावरून म. के. ढवळीकरांनी दख्खनची ही गावं पाऊस ओसरल्याने उजाड झाल्याचं मांडलं; सगळ्यांना ते पटलेलं नाही.

खान्देशात अडचण आहे ती जमिनीची. जुनी झाडी कोणती होती हे सांगणारे परागकण टिकायला कायम ओली, हवाबंद जागा लागते, जसा तळ्यातला गाळ. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा मातीत परागकण फारसे तग धरत नाहीत. वर, कालपरवा मळणीत सांडलेली ज्वारी भेगेतून खाली घसरून प्राचीन थरात जाऊन बसते, आणि उत्खननात ती तिथलीच वाटते. उलट जुन्या वस्तीच्या टेकाडातली राखाळ पांढरी माती चुनखडीच्या अंशामुळे हाडं छान सांभाळते. पण खत म्हणून तीच पांढरी गाड्या भरभरून शेतात गेली, कित्येक गावांत.

म्हणून हल्ली थराच्या वयावर विसंबत नाहीत. एकेका दाण्याचंच वय त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढतात. त्याला दाण्याचा एखादा कण पुरतो, पण कणाची तेवढी आहुती द्यावी लागते, त्यामुळे आधी फोटो, मोजमाप आणि ओळख नोंदवून ठेवतात.