आधी फौज, मग कायदा

बेळगावच्या कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राची मुळं जुन्या 114 व्या मराठा पलटणीत आहेत. ऑक्टोबर 1918 मध्ये ही पलटण उत्तर इराकमध्ये शरकतला तुर्कांशी लढली. त्या शौर्याबद्दल आपल्या सीमाभागात अभिमानानं बोललं जातं, लढाईनंतर काय घडलं याबद्दल फारसं नाही. 30 ऑक्टोबरला तुर्कस्तानशी युद्धबंदीचा करार झाला आणि त्यानंतर ब्रिटिश फौजा मोसुलमध्ये शिरल्या. युद्धबंदीनंतर बळकावलेला मुलूख आमचाच, असं तुर्कस्तान वर्षानुवर्षं म्हणत राहिला. अखेर डिसेंबर 1925 मध्ये राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) मोसुल इराकला दिलं, आणि इराक तेव्हा ब्रिटनच्याच देखरेखीखाली होता. म्हणजे ताबा आधी मिळाला, त्याला कायद्याचा शिक्का सात वर्षांनी लागला.

ही रीत मोडायची म्हणून 1945 ची संयुक्त राष्ट्रांची सनद आली. कलम 2(4) नं दुसऱ्या देशाविरुद्ध बळाच्या वापरावर बंदी घातली. अपवाद दोनच ठेवले: सुरक्षा परिषदेची मंजुरी आणि कलम 51 चं स्वसंरक्षण. पण त्याच सनदेनं परिषदेतल्या पाच बड्या कायम सदस्यांच्या हाती नकाराधिकारही दिला. नियम करणारे आणि त्यातून सुटणारे तेच.

याचा पुरता प्रत्यय मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला आला. अमेरिकेनं तिथल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवली, बंदरांत सुरुंग पेरले. निकाराग्वा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हा खटला चालवण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असा आक्षेप अमेरिकेनं घेतला. (2004 पासून सर्वोच्च न्यायालयातल्या सीमादाव्याकडे डोळे लावून बसलेल्या आपल्याला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काय असतो हे वेगळं सांगायला नको.) आक्षेप फेटाळल्यावर अमेरिकेनं सुनावणीतूनच अंग काढून घेतलं. 27 जून 1986 ला निकाल तिच्याविरुद्ध गेला. त्याची अंमलबजावणी मागणारा ठराव तिनं सुरक्षा परिषदेत नकाराधिकारानं पाडला. भरपाई कधीच मिळाली नाही. तरी हा निकाल वाया गेला असं मला वाटत नाही. नियम मोडणारा देश ‘आमचं प्रकरण अपवादात बसतं’ असं म्हणतो तेव्हा तो नियम मान्यच करत असतो, असं न्यायालयानं त्यात नोंदवलं आहे.

खरी झीज होते ती अपवादांच्या बाजूनं. 1999 मध्ये कोसोव्हो प्रांताच्या प्रश्नावरून नाटोनं सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविना युगोस्लाव्हियावर बाँबफेक केली. 2003 मध्ये इराकवर चढाई करताना अमेरिका आणि ब्रिटननं परिषदेचे जुने ठराव पुढे केले. ही चढाई सनदेनुसार बेकायदा होती, असं सरचिटणीस कोफी अन्नान यांनी 2004 मध्ये उघड सांगितलं. भारताकडेही सुमारे एक डिव्हिजन फौज मागितली गेली होती. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून वाजपेयी सरकारनं 14 जुलै 2003 ला ती नाकारली. त्या आठवड्यांत दिल्लीत होकाराच्या बाजूनंही बराच जोर लागला होता.

तोवर इतरांनी धडा घेतला होता. 2014 मध्ये युक्रेनचा क्रिमिया घेताना रशियानं कोसोव्होचाच दाखला दिला. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर चढाई करताना पुतिन यांनी कलम 51 चं नाव घेतलं. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेतला निषेधाचा ठराव रशियाच्या नकाराधिकारानं पडला. या वेळी अमेरिका ठरावाच्या बाजूनं होती, भारत तटस्थ राहिला.