सूचिछिद्र कॅमेरा (प्रकाश शिकवण्यासाठी)

भिंग न वापरता, सुईने पाडलेल्या बारीक छिद्रातून पडद्यावर वस्तूची उलटी प्रतिमा मिळवणारा बंद खोका म्हणजे सूचिछिद्र कॅमेरा. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत तो ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ म्हणून येतो. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य मुलांना पाठ असते; पण प्रतिमा उलटी का, असे विचारले की ‘छिद्र ती उलटवते’ असे उत्तर मिळते. हा गैरसमज शब्दांनी जात नाही. म्हणून तयार खोका हातात देण्यापेक्षा मुलांनी तो स्वतः बनवणे, आणि नीट चालू लागल्यावर मुद्दाम बिघडवून पाहणे, हाच या प्रयोगाचा गाभा आहे. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करण्याची जी रीत रुजवली, तिच्यात हा खोका सहज बसतो.

एका खोक्याला ए-४ आकाराचे दोन काळे कार्डपेपर, वीतभर ट्रेसिंग पेपर आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तुकडा लागतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कागद मिळतात. पत्रा शीतपेयाच्या कॅनचा चालतो, मात्र त्याच्या कडा धारदार असल्याने तो मोठ्यांनी कापून द्यावा. आतली नळी ६ सेंमी बाजूची चौकोनी व १५ सेंमी लांब; बाहेरची ६.२ सेंमी बाजूची व २० सेंमी लांब. या २ मिमीच्या फरकामुळे आतली नळी न अडकता सरकते. आतल्या नळीच्या छिद्राकडे सरकणाऱ्या तोंडावर ट्रेसिंग पेपर पडदा म्हणून ताणून चिकटपट्टीने लावावा. ओला डिंक लावला की कागद सुरकुततो, आणि पावसाळ्यात तो एरवीही सैल पडतो. बाहेरच्या नळीचे पुढचे तोंड कार्डपेपरने बंद करून मध्ये २ सेंमीची खिडकी कापावी व तिच्यावर पत्रा बसवावा.

छिद्र हा खोक्याचा जीव. पत्रा खोडरबरावर ठेवून दहा नंबरच्या सुईने टोचावा, उलट बाजूला आलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासावी आणि सुई पुन्हा हलकेच फिरवावी. छिद्र साधारण अर्धा मिमी व्यासाचे हवे. याहून मोठे झाले तर प्रतिमा उजळ पण धूसर होते, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा पडद्यावर ठिपका न पडता थाळी पडते. फार लहान केले तर प्रकाश कमी पडतोच, शिवाय विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडेशी वळून पसरल्यामुळे, रेषा पुन्हा पसरतात. छिद्र थेट जाड पुठ्ठ्यात पाडले तर त्याचा बोगदा होतो आणि प्रतिमेच्या कडा काळवंडतात.

‘काहीच दिसत नाही’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा छिद्र ठीकच असते; पाहणाऱ्याच्या बाजूने पडद्यावर उजेड पडत असतो. डोके आणि नळी काळ्या कापडाने झाकली, सावलीत उभे राहून उन्हातले झाड पाहिले आणि डोळ्यांना एक-दोन मिनिटे दिली की प्रतिमा उमटते. सूर्याकडे मात्र छिद्रातून कधीही पाहू नये.

वर्गात मेणबत्तीपेक्षा विजेरी बरी. ज्योत पंख्याने हलते आणि कार्डपेपर पेट घेतो. विजेरीच्या काचेवर ‘त’ कापलेला काळा कागद लावावा. ‘ठ’ किंवा शून्य घेतले तर डावे-उजवे उलटल्याचे कळत नाही. पाहण्याआधी प्रत्येकाने काय दिसेल ते वहीत काढावे. ट्रेसिंग पेपरवर उमटलेले अक्षर पेन्सिलने गिरवून कागद अर्धा फेरा फिरवला की ‘त’ सरळ वाचता येतो. मग खोकाच त्याच्या लांबीभोवती फिरवायला सांगावे. चौकट फिरते, अक्षर जागचे हलत नाही! शेजारी दुसरे छिद्र पाडले की दोन ‘त’ दिसतात. वेगळ्या पुठ्ठ्यातल्या एकाच छिद्रातून ओवलेले लाल व निळे सुतळीचे दोन धागे, एक वस्तूच्या टोकापासून व दुसरा बुडापासून ताणून दाखवले, की छिद्रापाशी त्यांची होणारी फुली मुलांना दिसते आणि छिद्राने काही उलटवले नाही हे उमगते. प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची म्हणजे पडद्याचे अंतर भागिले वस्तूचे अंतर, हे सूत्र आतली नळी सरकवत पट्टीने मोजून मिळते. ३० सेंमीवरील ६ सेंमीची वस्तू १० सेंमीवरच्या पडद्यावर २ सेंमीची दिसते.

हाच प्रयोग अख्ख्या खोलीत करता येतो. खिडक्या काळ्या कागदाने बंद करून एकीत १० ते १५ मिमीचे छिद्र ठेवावे आणि तीनेक मीटरवर पांढरी चादर ताणावी. समोरचे दृश्य उन्हात हवे, म्हणून पश्चिमेची खिडकी सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर वापरावी. पुण्यात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस उत्तम. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्र फिके राहते. इथे प्रतिमा छिद्राच्याच बाजूने पाहिली जाते, त्यामुळे रस्त्यावरच्या पाट्या उलट्या तर दिसतातच, शिवाय आरशातल्यासारख्या वाचाव्या लागतात. वरच्या वर्गांना हा फरक कागदावर किरण काढून सोडवायला द्यावा.

सूर्यासाठी आरसा वापरतात. लहान आरशावर ५ मिमी छिद्राचा कागद चिकटवून कवडसा २० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर टाकला की सुमारे १८ सेंमी व्यासाचे गोल बिंब मिळते. अंतराला व्यासाने भागले तर उत्तर १०८च्या आसपास येते. सूर्याच्या १५ कोटी किमी अंतराला तेवढ्यानेच भागून त्याचा व्यास सुमारे १४ लाख किमी निघतो. कागदावरचे छिद्र त्रिकोणी कापले तरी बिंब गोलच राहते. झाडाखालचे कवडसेही अशीच सूर्यबिंबे असतात. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने ते जमिनीवर गोल पडतात, तर मकरसंक्रांतीच्या सुमारास दुपारीही लांबट. पुण्यातून खंडग्रास दिसलेल्या २६ डिसेंबर २०१९ सारख्या सूर्यग्रहणात हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात.