कोकणातलं गाव कुठे मोजायचं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली, पण तीन जिल्ह्यांत मात्र ती घटली. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. तिसरा जिल्हा मुंबई शहर. हे तिघं एकाच यादीत यावेत हा निव्वळ योगायोग नाही. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणी कुटुंबं विरार, नालासोपारा, दिव्याकडे सरकली ती याच सुमाराला. वाडी रिकामी होत होती आणि वाडीतून आलेल्यांची चाळही.

गाव सोडण्याची ही सवय मात्र जुनी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण पाणी डोंगरावरून थेट खाडीत. भाताचे तुकडे एवढेसे, वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि पिकाचा मोठा वाटा गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या घरात. ही खोती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर माणसं थांबली नव्हती. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली, पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि बोटीने मुंबई गाठणं हाच घराघरातल्या कर्त्या मुलाचा मार्ग ठरला.

तो जायचा एकटा. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि पगार झाला की मनिऑर्डर करायची. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार ओळींची जागा असे. त्यात आईची तब्येत, गाय व्याली का, कौलं शाकारली का, सगळं कोंबलेलं. पोस्टमनच पैसे मोजून द्यायचा आणि बऱ्याचदा मजकूरही वाचून दाखवायचा. या व्यवस्थेवर ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ असा शिक्का बसला. शेती बायका आणि म्हातारी माणसं ओढत राहिली. म्हणून रत्नागिरीत २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. या आकड्याचं कौतुक करणाऱ्यांनी निम्मे पुरुष कुठे गेले हे आधी विचारावं. निम्मे हा शब्द हिशेबाचा नाही, पण वाडीत दुपारी फिरलं तर तसंच वाटे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो धागा तुटला. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. काही जण गावी परतले, पण मुलं मुंबईतच मिळेल त्या कामाला लागली. त्यांनी बायकोला गावी ठेवलं नाही. २०११ मध्ये रत्नागिरीतल्या स्त्रियांचं प्रमाण १,१२२ वर आलं, सिंधुदुर्गात तर १,०७९ वरून १,०३६ वर. माझ्या मते घटलेल्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे. आधी माणूस जायचा, आता घर जातं. घर गेलं की गावी पैसे पाठवायचे कुणाला? ते ठेवायचे गणपतीच्या खर्चाला आणि घराच्या डागडुजीला.

उत्पन्नाचा हिशेब त्याहून फसवा. जिल्ह्याचं उत्पन्न म्हणजे जिल्ह्यात निर्माण झालेलं. मुंबईहून आलेला पैसा त्यात धरतच नाहीत. म्हणजे मनिऑर्डरीवर चुली पेटत होत्या तेव्हा कोकण कागदावर होतं त्याहून गरीब दिसलं. आता उलट आहे: भागणारी माणसं कमी झाली की दरडोई आकडा आपोआप सुधारतो. खरी भर पडली ती बागांनी. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत कातळावरही आंबा-काजू लागले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. पण बाग करायला जमीन मोकळी लागते. इथे दहा-बारा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी बोरिवली-डोंबिवलीत. सह्यांसाठी सगळे एकत्र सापडतात ते गणपतीत, आणि तेव्हा तलाठी सुट्टीवर! उरलेलं वानर आणि रानडुकरं बघून घेतात.

आंब्याच्या बागांत आता राखणीला आणि फवारणीला नेपाळी गडी असतात. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, शिमग्याच्याही आधी; २०२७ ची गणनाही फेब्रुवारीतच ठरली आहे. तेव्हा मोजणीदाराला बागेतल्या खोपीत नेपाळी कुटुंब भेटेल, आणि बागेचा मालक दिव्याच्या इमारतीत मोजला जाईल.