शेणपाण्याचं खत आणि मुंबईचे तबेले

लिक्विड खत म्हटलं की हल्ली सगळे थेट जीवामृतावर (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी) येतात, जणू त्याच्याआधी काही नव्हतंच. सुरपालाच्या वृक्षायुर्वेद या झाडांवरच्या ग्रंथात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, कुणपजल आहे, प्राण्यांचं मांस, चरबी वगैरे पाण्यात शिजवून, कुजवून झाडांना घालायचं (वासाचं बघा तुम्हीच).

मुंबईचा यात नंबर बराच आधी लागतो. 1897 मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून गॅस काढला होता. मैला माणसांचा, पण तत्त्व तेच, हवा बंद केली की जंतू कार्बनचा मिथेन करतात आणि नत्र बहुतेक सगळं स्लरीतच, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणाऱ्या पातळ रबड्यातच राहतं, त्यातलं बरंचसं अमोनियमच्या रूपात, पिकाला लगेच लागू पडणारं. पुढे जशभाई पटेलांचं तरंगत्या टाकीचं गोबर गॅसचं डिझाइन खादी ग्रामोद्योग आयोगाने 1960 च्या दशकात गावोगाव नेलं. सगळ्यांचा डोळा चुलीवर, स्लरी म्हणजे उरलंसुरलं.

या आयोगाचं हेडऑफिस पार्ल्याला, आणि तिथून पुढे जोगेश्वरी, गोरेगाव म्हणजे तबेल्यांचा पट्टा! शहरातल्या म्हशी बाहेर काढायच्या म्हणून 1949 ला आरे कॉलनी झाली, तिथे पॅरा गवताची, म्हणजे चाऱ्याची, शेतं होती, या गवताला शेणाचं पाणी मानवतं. पण जनावरं कुठे आणि ते पाणी जिरवायला जमीन कुठे, बरंचसं ओशिवरा, दहिसर नद्यांतच गेलं.

तबेल्यात सकाळी काय होतं बघा, म्हशी धुतात, त्याच पाइपने खालची लादी, शेणमूत एकत्र होऊन परनाळीतून सुटतं. घट्ट शेण कोणीतरी उचलतो, हे पातळ कोण नेणार? गोबर गॅसला शेण आणि पाणी साधारण निम्मंनिम्मं लागतं, हे त्याच्यापेक्षा कितीतरी पातळ, आणि टँकरने न्यायचं तर भाडं पाण्याचंच. गंमत म्हणजे शेणामुतातलं निम्म्याच्या आसपास नत्र आणि बहुतेक पालाश (पोटॅश) मुतात असतं, म्हणजे सगळ्यात कामाचं तेच गटारात.

अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत आलं (2016 ला पद्मश्री मिळाली त्यांना) तेव्हा गणितच वेगळं झालं. 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधाची माती, 200 लिटर पाणी, दोन दिवस काठीने ढवळायचं, एवढ्यात एक एकर. माझ्या मते हे खतापेक्षा विरजण जास्त आहे, नत्र त्यात फार नसतं. शिवाय पाळेकर देशी गाईचं शेण उत्तम म्हणतात आणि इथे तबेल्यात बघाल तिकडे म्हशी.

आता बायोगॅस प्लांटच्या पातळ स्लरीलाही खत म्हणून सरकारी मान्यता मिळालीये, लिक्विड फर्मेंटेड ऑरगॅनिक मॅन्युअर या भारदस्त नावाने. काही प्लांटवाले स्क्रू प्रेसने पिळून घट्ट आणि पातळ वेगळं करतात, घट्ट गोणीत भरून लांब जातं, पातळ जवळपासच खपवावं लागतं, आणि मुंबईत जवळपास शेत नाही, कुंड्या आहेत.