ईमेलमध्ये मधेच विचित्र अक्षरं का येतात, मुळात हे सुरू कुठून झालं

मेल उघडला की मधेच टोपीवाला ए, त्याला चिकटून युरोचं चिन्ह आणि वर बारीक ट्रेडमार्क असं काहीतरी दिसतं, आणि लोकांना वाटतं मेल करप्ट झाला नाहीतर व्हायरस आला. तसं नसतं हो. तिथे साधं वळलेलं अवतरणचिन्ह होतं, यूटीएफ-८ मध्ये (जगभरच्या लिप्यांची अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) त्याचे तीन बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे तुकडे, होतात, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने ते विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता, एका बाइटला एक अक्षर) समजून तीन वेगळी अक्षरं दाखवली, बस.

याचं मूळ १९८२ सालात आहे. जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवायच्या नियमांचा, आरएफसी ८२१ हा दस्तऐवज लिहिला तेव्हा मेल म्हणजे ७ बिटांचं आस्की (इंग्रजी अक्षरांना आकडे देणारा तक्ता), एकूण १२८ कोड, त्यात इंग्रजीचं भागतं पण आपला ‘म’ कुठून आणणार? मग ज्याने त्याने आठवा बिट वापरून आपापले तक्ते काढले, पश्चिम युरोपचा वेगळा, रशियनचे तर एकाहून जास्त, जपानीची तऱ्हा आणखी निराळी (अशा गिचमिडीला त्यांच्याकडे मोजिबाके असा खास शब्दच आहे), आणि कुठला तक्ता वापरलाय हे मेलमध्ये सांगायची ठरलेली सोयच नव्हती. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

ती सोय १९९२ मध्ये माइम या मेलच्या मानकाने केली, नेथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांचं काम. मेलच्या वरच्या माहितीत, कंटेंट-टाइप हेडरमध्ये, कॅरसेट म्हणजे वापरलेल्या तक्त्याचं नाव लिहायचं. पण वाटेतले सर्व्हर ७ बिटवाले, म्हणून ८ बिटांचा मजकूर साध्या आस्की अक्षरांत लिहायच्या दोन पद्धती, बेस६४ आणि कोटेड-प्रिंटेबल, आल्या. कोटेड-प्रिंटेबलमध्ये एका ‘म’चे तीन बाइट लिहायला नऊ अक्षरं लागतात, आणि ओळ ७६ च्या पुढे गेली की शेवटी बरोबरचं चिन्ह टाकून तोडतात. त्यामुळे मेलभर बरोबरची चिन्हं आणि २० (मोकळ्या जागेचा कोड) दिसत असतील तर तक्ता चुकलेला नाही, डिकोडच झालेलं नाही, हा वेगळा आजार.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली, तरी मेल प्रोग्राममधले जुने डीफॉल्ट पुढे कितीतरी वर्षं तसेच राहिले, आणि आजही कुठेतरी हेडर एक सांगतो, बाइट दुसरे असतात.

म्हणून आधी मेलच्या मेनूत टेक्स्ट एन्कोडिंगचा पर्याय असेल तर तो यूटीएफ-८ करून बघा, आणि पाठवणाऱ्यालाही आउटगोइंग सेटिंग तेच ठेवायला सांगा. बाइट शाबूत असले तर मजकूर लगेच जागेवर येतो. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर बहुतेक वेळा वाटेतच मूळ बाइट गेलेले असतात, मग मेल परत मागवायचा.