काटा दोन किलो पुढे, पण चरबी किती?

दहा दिवस युरोप फिरून इंदूरला परतलेली मंडळी दुसऱ्याच सकाळी वजनकाट्यावर उभी राहतात. काटा दोन किलो पुढे असतो आणि सगळं खापर ब्रेड-बटरवर फुटतं.

हिशेब मात्र जुळत नाही. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 किलोकॅलरी वर पडाव्या लागतात. दहा दिवसांत दोन किलो चढवायचे तर रोज गरजेपेक्षा दीड हजार किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील. रात्री अकरानंतर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, हे लीलया करणारे वीर आहेत. टूरवाल्यांच्या जेवणावर ते कठीण.

मग हे वजन कसलं? बरंचसं पाण्याचं. पेशींबाहेरच्या पाण्यात शरीर मिठाचं प्रमाण ठरावीकच राखतं, लिटरमागे सुमारे 9 ग्रॅम. सूप, चीज, सॉस, पाकिटातले चिप्स यांतलं जादा मीठ मूत्रपिंडं बाहेर टाकेपर्यंत पाणी अडकून राहतं. शिवाय यकृत आणि स्नायू मिळून 500 ग्रॅमपर्यंत ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलं जातं. पास्ता-बटाट्यांनी हा साठा भरला की काटा हलणारच. म्हणून वजन करायचंच असेल तर घरचं जेवण सुरू होऊन आठवडा झाल्यावर, सकाळी अनशापोटी करावं.

आता चालण्याचं. इंदुरात आपण राजवाड्यापासून शेजारच्या सराफ्यापर्यंतही गाडी घालतो. तिकडे मेट्रोचे जिने आणि फरसबंदी रस्ते तुडवत दिवसाला सात-आठ किलोमीटर सहज होतात. साठ-पासष्ट किलोच्या माणसाचे त्यात बसून राहण्यापेक्षा अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी जास्त खर्च होतात. ऐकायला छान वाटतं. पण बॅगेतून नेलेली लौंग सेव हॉटेलच्या खोलीत निघते, आणि तिच्या 50 ग्रॅममध्ये ही सगळी पायपीट वसूल होते!

माझ्या मते खरा धोका या धावपळीच्या सहलीत नाही, मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहण्यात आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या जेम्स लेव्हिन यांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार किलोकॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी जेमतेम 0.36 किलो वाढली, कुणाची 4.23 किलो. फरक मुख्यतः व्यायामाबाहेरच्या हालचालीचा होता: उठणं-बसणं, उभं राहणं, घरभर वावरणं, नुसती चुळबुळ. ज्यांची ही हालचाल आपसूक वाढली, ते बचावले.

मुलाच्या उपनगरातल्या घरात नेमकी हीच हालचाल आधी जाते. दूध-भाजी आठवड्यातून एकदा गाडीतून येते, भांडी मशीन घासतं, फुटपाथ असला तरी तो कुठल्या दुकानाशी पोहोचत नाही, आणि फ्रिजमधल्या कोल्ड्रिंकच्या 355 मिलीच्या एका कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते.